‘कंपनी बिघडली बे!’ म्हणण्याआधी: एकाच ब्रँडच्या जुन्या-नव्या ॲम्प्लिफायरचा आवाज घरी कसा पारखावा

मामांनी १९८३ साली दुबईहून आणलेला ॲम्प्लिफायर आणि त्याच कंपनीचा मी २०१६ साली घेतलेला नवा, हे दोन्ही जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. घरी येईल त्याला मी चार वर्षं दोन्ही ऐकवत होतो आणि वर म्हणत होतो, “बघ, जुन्याचा आवाज कसा भरीव आहे. कंपनी बिघडली बे आता.” ऐकणारेही माना डोलवायचे. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढे जे निघालं त्यात तिची काही चूक नव्हती. जुन्याचं लाउडनेसचं बटण, म्हणजे हळू आवाजात बेस वाढवून देणारं, बाहेरून बंद दिसायचं, पण आतला संपर्क चिकटून बसल्यामुळे ते कायम चालूच होतं. म्हणजे चार वर्षं मी ज्याला ‘जुन्या पिढीचा भरीवपणा’ म्हणत होतो तो एका अडकलेल्या बटणाचा प्रताप होता.

त्यानंतर हे सगळं पहिल्यापासून नीट करून पाहिलं. ब्रँडचा आवाज पिढीगणिक बदलतो का? बदलतो, कधी कधी. पण आपण ऐकतो त्या फरकातला मोठा वाटा बहुतेक वेळा पिढीचा नसतोच. तो आवाजाच्या पातळीचा, वाळलेल्या कंडेन्सरचा (यंत्रातल्या वीज साठवणाऱ्या भागाचा), चुकीच्या जोडणीचा आणि खोलीचा असतो. हे एकेक बाजूला काढल्यावर जे शिल्लक राहतं त्याला ब्रँडचा बदल म्हणायचं. खालचा सगळा खटाटोप ते शिल्लक शोधण्यासाठी आहे. दोन रविवार लागतात. एक मल्टिमीटर, एक मित्र आणि थोडी लाज बाजूला ठेवायची तयारी लागते.

आधी वंशावळ मांडा

कागद घ्या आणि ज्या दोन यंत्रांची तुलना करायची त्यांची कुंडली लिहा: साल, किती वॅटचं, त्या काळी कंपनीच्या यादीत ते कुठल्या पायरीवर होतं, रचनाकार कोण, आणि कंपनी तेव्हा कुणाच्या मालकीची होती. हा रकाना भरताना बऱ्याच गोष्टी आपोआप उघड्या पडतात.

मॅरांट्झचंच बघा. सॉल मॅरांट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५३ साली सुरू केलेली कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोपकडे गेली. १९८० मध्ये अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकी जगातला कारभार फिलिप्सकडे आला, २००२ मध्ये डेनॉनबरोबर एका छत्राखाली गेली, आणि त्यानंतरही मालक बदलले. सत्तरच्या दशकातला निळ्या उजेडाच्या डायलचा रिसीव्हर आणि नव्वदच्या दशकातला सीडी प्लेअर या दोघांवर नाव एकच आहे. पण एकाची मुळं अमेरिकी-जपानी रेडिओ-रिसीव्हरच्या परंपरेत आहेत आणि दुसऱ्याच्या पोटात फिलिप्सची चिप आहे. याला ‘मॅरांट्झचा आवाज बदलला’ म्हणायचं की घरच बदललं म्हणायचं?

उलट उदाहरण एनएडीचं. १९७८ साली आलेला ३०२० हा चॅनलला फक्त २० वॅटचा, दिसायला अगदी साधा ॲम्प्लिफायर. रचनाकार ब्यॉर्न एरिक एडवर्डसेन. ही कंपनीसुद्धा १९९१ मध्ये डेन्मार्कच्या ऑडिओनॉर्डकडे आणि १९९९ मध्ये कॅनडाच्या लेनब्रुककडे गेली. पण एडवर्डसेन तिथंच राहिले, इतके की पुढच्या सी ३२०बीईई वगैरे मॉडेलांच्या नावाला त्यांची आद्याक्षरं जोडली गेली. कागदावरचे वॅट कमी, पण गाण्यातल्या अचानक येणाऱ्या ठोक्याला आणि अवघड स्पीकरला पुरेल असा जोर राखायचा, आणि ताकद संपली तर आवाज फाटण्याऐवजी हलकेच दाबायचा, म्हणजे ‘सॉफ्ट क्लिपिंग’, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मालक बदलला, गुरू टिकला. गाण्यातल्या घराण्यासारखंच आहे हे. सवाई गंधर्वांचा गळा अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा नव्हता आणि भीमसेनांचा सवाई गंधर्वांसारखा नव्हता, तरी तिघं किराण्याचेच.

आणि मग २०१३ साली एनएडीनंच डी ३०२० काढला. नावात तोच आकडा, पण आत क्लास-डी (ट्रान्झिस्टर अतिशय वेगानं चालू-बंद करून आवाज वाढवणारी पद्धत), हायपेक्स या कंपनीच्या रचनेवरचा. इथं ‘३०२०चा आवाज’ असं एका दमात म्हणणारा माणूस नक्की कशाबद्दल बोलतोय ते आधी विचारून घ्यावं.

तुलना नेहमी एकाच पायरीवरच्या यंत्रांची करा. १९८० सालचा सगळ्यात महागडा आणि आजचा सगळ्यात स्वस्त यांची झुंज लावून कंपनीवर निकाल देणं म्हणजे आजोबांच्या लग्नातला शालू आणि आजचा रोजचा टॉवेल शेजारी ठेवून सोलापूरचं विणकाम घसरलं असं म्हणणं.

जुन्याची तब्येत

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे, आणि नेमका याच ठिकाणी निकाल फिरतो.

चाळीस वर्षांच्या यंत्रात पहिल्यांदा म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. त्यांच्या आतला ओलावा वाळत जातो, अंतर्गत रोध वाढतो, क्षमता उतरते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. आता सोलापूरचा एप्रिल-मे आठवा. बाहेर ४० च्या वर पारा, बंद काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला ॲम्प्लिफायर, आणि आत ट्रान्सफॉर्मरची स्वतःची ऊब. युरोपातल्या थंड घरात नांदलेला आणि इथं चाळीस उन्हाळे सोसलेला, हे दोन सारख्याच मॉडेलचे तुकडे आज सारखे वाजतील ही अपेक्षाच चुकीची. पूर्व भागात ज्यांचं घर यंत्रमागाला लागून आहे त्यांना आणखी एक सांगतो. सुताचे बारीक तंतू वरच्या जाळीतून आत जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमध्ये गादीसारखे बसतात. माझ्या मित्राच्या ॲम्प्लिफायरमधून आम्ही ब्रशनं जे काढलं त्यात एखादी उशी नाही, पण पिनकुशन नक्की झालं असतं.

क्रम असा ठेवा.

बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र थेट बोर्डाच्या सॉकेटला लावू नका. आधी मागच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. जपानच्या बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० चं, आणि जुन्या युरोपीय यंत्रांवर २२० किंवा २४० लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३०. मागे व्होल्टेज निवडायची खिट्टी असेल तर २४० वर ठेवलेली बरी, कारण रात्री भार उतरला की व्होल्टेज चढतं. मग सिरीज बल्ब (यंत्राच्या वीजवाटेत मधे जोडलेला बल्ब) लावून चालू करा. साधा ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी नव्हे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि मेकॅनिक गाठा. झाकण उघडून आत हात घालायची सवय नसेल तर हा भाग मेकॅनिककडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतका साठा राहतो.

स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरनं डीसी मिलिव्होल्ट मोजा. वीस-तीस असेल तर छान. पन्नासच्या वर असेल तर मेकॅनिकला दाखवा. शंभरच्या वर असेल तर स्पीकर जोडूच नका.

मग बटणं आणि गोल नॉब. प्रत्येक नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा, प्रत्येक बटण तितक्याच वेळा दाबा-सोडा. खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लिनर लागेल. हे करताना फक्त कानावर भिस्त ठेवू नका. बटण दाबल्यावर आणि सोडल्यावर आवाजात अपेक्षित फरक पडतोय का ते प्रत्येकाचं तपासा: लाउडनेस, मोनो, सबसॉनिक फिल्टर, टेप मॉनिटर. मी हे केलं असतं तर माझी चार वर्षं वाचली असती. स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्क काळे पडले असतील तर हळू आवाजात एक चॅनल मधूनच बुडतो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो. हे लक्षण ओळखून ठेवा, लोक याला हटकून ‘जुन्याचा मवाळपणा’ समजतात.

कंडेन्सर बदलून घेत असाल तर मेकॅनिकला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. क्षमता मूळ जितकी होती तितकीच ठेवायची, ‘मोठा टाकलाय, बेस वाढेल’ हा उत्साह नको. आणि आउटपुट ट्रान्झिस्टर चालू असतील तर हात लावायचा नाही. जुन्या जपानी ट्रान्झिस्टरांचं उत्पादन कधीच थांबलंय आणि बाजारात त्याच नावाचे नकली तुकडे भरपूर आहेत. नकली ट्रान्झिस्टर घातलेलं यंत्र ऐकून कुठल्याही कंपनीच्या पिढीबद्दल बोलता येत नाही.

जोडणीतले सापळे

सीडी प्लेअर किंवा आजचा डॅक (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ॲम्प्लिफायरचं ऑक्स इनपुट मात्र १५० मिलिव्होल्टच्या आसपास पूर्ण ताकद देईल असं बेतलेलं असायचं, कारण तेव्हा त्याला ट्यूनर नाहीतर टेपडेक लागायचा. मग होतं काय, की नॉब आठ-नऊ वाजताच्या जागेवर आला तरी घर हलतं. नॉब इतका खाली असताना त्याच्या दोन पट्ट्या सारख्या चालत नाहीत. डावा-उजवा चॅनल कमी-जास्त होतो, गायक मधून सरकून एका बाजूला बसतो. नवा ॲम्प्लिफायर २ व्होल्ट गृहीत धरूनच बनवलेला असतो, त्यामुळे तो ‘स्वच्छ, मध्यावर नेमका’ वाटतो. यात पिढीचं कर्तृत्व नाही, फक्त गणित आहे. उपाय म्हणजे जुन्याच्या इनपुटला दहा ते पंधरा डेसिबल कमी करणारा ॲटेन्युएटर लावायचा. आरसीए प्लगच्या आकाराचे तयार मिळतात, नाहीतर मेकॅनिक दोन रेझिस्टरमध्ये करून देतो.

मागच्या बाजूचे जंपर, म्हणजे दोन सॉकेट जोडणाऱ्या छोट्या कड्या, बघा. ३०२०चं उदाहरण पुन्हा घेतो. त्याच्या मागे पॉवर ॲम्पसाठी (स्पीकर चालवणाऱ्या भागासाठी) दोन वाटा आहेत, ‘नॉर्मल’ आणि ‘लॅब’. नॉर्मल वाटेत अगदी खालच्या आणि अगदी वरच्या, ऐकू न येणाऱ्या कंपनांना गाळणी लावलेली आहे, लॅबच्या वाटेत ती नाही. एकाच यंत्रात हा फरक आहे. आधीच्या मालकानं जंपर कुठं खोचलाय ते न बघता तुलना केली तर आपण नक्की काय ऐकतोय हेच ठरत नाही.

टोन कंट्रोल दोन्हीकडे मध्यावर. ‘डायरेक्ट’चं बटण असेल तर दाबा. बॅलन्स मध्यावर.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी मात्र इथं थांबायला हवं, कारण फोनो, म्हणजे टर्नटेबलच्या, इनपुटमध्ये पिढ्यांचा खरा फरक लपलेला असतो. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाला, ४७ किलोओमचा भार लागतो, तो सगळे देतात. पण तिला कपॅसिटन्सचा भारही लागतो आणि त्यावर वरच्या पट्टीचा आवाज ठरतो. शुअरच्या काही जुन्या कार्ट्रिजना ४०० ते ५०० पिकोफॅरड हवे असायचे, तर ऑडिओ-टेक्निकाच्या बऱ्याच कार्ट्रिजना १०० ते २०० पुरतात. टर्नटेबलच्या वायरचाच शंभर-दीडशे होतो, त्यात ॲम्प्लिफायरचा स्वतःचा मिळवायचा. भार जास्त झाला की वरच्या पट्टीत एक उंचवटा येतो आणि त्याच्या पलीकडे आवाज लवकर उतरतो. थोडक्यात, जुन्या काळच्या कार्ट्रिजसाठी बनवलेल्या इनपुटला आजची कार्ट्रिज लावली की टाळ जरा जास्तच झणझणतो. दोन्ही यंत्रांच्या माहितीपुस्तिकेतला इनपुट कपॅसिटन्सचा आकडा शोधून कुंडलीच्या कागदावर लिहून ठेवा.

पातळी जुळवणं: हे चुकलं तर सगळं वाया

दोन सारख्याच आवाजांपैकी एक अर्ध्या डेसिबलनं मोठा असेल तर कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही. ‘मोकळा’, ‘जिवंत’, ‘खोल’ म्हणतो. म्हणून कानानं नॉब जुळवायचा नाही, मीटरनं जुळवायचा.

४०० हर्ट्झचा शुद्ध टोन घ्या, उणे २० डेसिबल पातळीवर रेकॉर्ड केलेला. अशा फाइल फुकट मिळतात आणि ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये स्वतःही बनवता येतात. ४०० का, तर साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झसाठी बनलेला असतो आणि बराच वर गेला की खोटं बोलू लागतो. स्पीकर जोडलेलेच ठेवा, मीटर एसीवर लावा, आणि नव्या ॲम्प्लिफायरचा नॉब स्पीकर टर्मिनलवर १ व्होल्ट येईपर्यंत फिरवा. नॉबवर चिकटपट्टी लावून खूण करा. मग जुन्याचा नॉब फिरवून ०.९८ ते १.०२ च्या मध्ये आणा. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण ०.१७ डेसिबल, तेवढा चालतो. डावा आणि उजवा दोन्ही चॅनल मोजा. क्लास-डी यंत्राच्या स्पीकर टर्मिनलचं काळं टोक कधीही अर्थिंगला किंवा दुसऱ्या यंत्राच्या काळ्या टोकाला जोडू नका. बऱ्याच यंत्रांत ते ‘शून्य’ नसतं.

टोन १ व्होल्टवर असताना गाण्याचे सगळ्यात मोठे ठोके १० व्होल्टपर्यंत जातात, म्हणजे ८ ओमला साडेबारा वॅट. २० वॅटचा छोटा ॲम्प्लिफायरही इथंवर न फाटता जातो. कुठल्याच यंत्राला ताण न देता ऐकायचं असेल तर ही पातळी बरोबर आहे. ताणाखाली कोण कसं वागतं ते नंतर वेगळं तपासा.

एका स्पीकर जोडीवर दोन ॲम्प्लिफायर एकाच वेळी कधीही जोडू नका, एका क्षणासाठीही नाही. स्विचबॉक्स वापरत असाल तर तो लाल आणि काळी अशा दोन्ही तारा तोडणारा हवा, आणि आधी पहिला संपर्क सुटून मगच दुसरा लागणारा. नसेल तर मित्राला दोन्ही यंत्रं बंद करून प्लग बदलायला सांगा. वेळ जातो, पण ट्रान्झिस्टर वाचतात.

खोली, पंखा आणि चादर

सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करून कुणी गाणं ऐकत बसू शकत नाही. आणि पंखा चालू असताना तंबोऱ्याची शेपूट, सभागृहाची गुंज, असले बारकावे त्याच्या भरभरीखाली बुडतात. तेव्हा ही तुलना डिसेंबर-जानेवारीत करा, रात्री अकरानंतर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा, सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला राहत असाल तर विशेष.

शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, काचेची शोकेस: अशा खोलीत टाळी वाजवली की ‘झिन्न’ असा आवाज परत येतो. सोलापुरी चादरी घरात असतातच. दोन-तीन जाड चादरी घडी घालून स्पीकरच्या आणि आपल्या मधल्या फरशीवर टाका, एखादी मागच्या भिंतीवर टांगा. वरच्या पट्टीची झिन्न कमी होईल. बेसवर मात्र चादरीचा काहीही परिणाम होत नाही. घुमणारा बेस आवरायचा असेल तर स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, हातभर तरी. एकदा जागा ठरली की दोन्ही रविवार काहीही हलवायचं नाही, स्वतःची खुर्चीसुद्धा.

काय ऐकायचं

आपल्या कानाला जे पाठ आहे ते. परदेशी ‘टेस्ट रेकॉर्ड’वरचा ड्रम सोलो आपल्याला कशाचं माप देणार?

तंबोरा घ्या. चांगल्या लागलेल्या जवारीत एका तारेतून किती स्वर उमलतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. वरच्या पट्टीत थोडा जरी फेरफार असेल तरी जवारी बसकी किंवा चिरचिरी वाटते. तबल्याचा डग्गा घ्या, घिस्सा ओढल्यावर स्वर वर चढताना प्रत्येक पायरी ऐकू येते का, की नुसता ‘घुम’ होतो? हार्मोनियमचा भाता ओढल्याची हवा, भजनातले टाळ, एकट्या बाईचा आवाज. जुनी मोनो रेकॉर्डिंगं एका खास कामाला येतात. मोनोमध्ये गायक अगदी मध्यभागी उभा राहायला हवा, सरकला तर चॅनलचा तोल गेलाय.

तीन तुकडे पुरे, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे. लांब ऐकलं की आपण गाण्यात रमतो आणि यंत्र विसरतो. एरवी ती चांगलीच गोष्ट आहे.

न बघता ओळखणं

मित्रानं नाणं उडवायचं. छापा पडला तर जुना, काटा पडला तर नवा. तुम्ही पाठ करून बसायचं. आधी दोन्ही नाव सांगून हवे तितक्या वेळा ऐका, फरक मनात धरा, मग सोळा वेळा न बघता ओळखा. मित्रानं कागदावर लिहायचं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. (माझ्या मित्राला हे जमलं नाही. त्याच्या तोंडून मधेच “काय ऐकूलालास बे?” निघालं की मला कळायचं मी चुकलो. शेवटी त्याला पडद्याआड बसवला.)

नुसत्या अंदाजानं सोळापैकी आठ बरोबर येतातच. बारा किंवा जास्त अंदाजानं येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे, म्हणून बारा ही रेघ माना. नऊ-दहा आले तर फरक नाही असं सिद्ध होत नाही, पण ‘जमीन-आसमानाचा फरक’ हे शब्द तरी मागे घ्यावे लागतात.

हे नवं नाही. १९७८ साली ब्रिटनमध्ये जेम्स मॉयर यांनी नेमकी हीच चाचणी एका ब्रँडच्या तीन पिढ्यांवर घेतली होती. क्वाड या कंपनीचा वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) क्वाड-२, १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि १९७५ चा ४०५, ज्याची रचना सर्वस्वी वेगळी होती. अनुभवी श्रोते, जुळवलेली पातळी, कुठलंही यंत्र ताणलं न जाईल याची काळजी. श्रोत्यांना ते तिन्ही खात्रीनं वेगळे ओळखता आले नाहीत. तीन पिढ्या, तीन पूर्णपणे वेगळ्या पद्धती, वाल्व्हपासून ट्रान्झिस्टरपर्यंत! मला हा निकाल अजूनही थोडा टोचतो, वाल्व्हच्या उबदार आवाजावर मीही तावातावानं बोललेलो आहे.

फरक उरलाच तर तो कुठून आला

बारा किंवा जास्त आले की मग मजा सुरू होते. आता शोधायचं.

फक्त मोठ्या आवाजात फरक पडतो का? मग ताकदीचा मामला आहे. एखादं यंत्र ४ ओमच्या स्पीकरला करंट पुरवताना दमतं, दुसरं दमत नाही. सॉफ्ट क्लिपिंग असलेलं यंत्र फाटण्याऐवजी गोल होतं, आणि तेच कुणाला ‘संगीतमय’ वाटतं.

स्पीकर बदलला की फरकही बदलतो का? मग आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आतला रोध. वाल्व्हच्या यंत्रांचा तो जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा रोध जिथं चढतो तिथं आवाजही चढतो. क्लास-डीच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या (बाहेर पडणारा आवाज परत तपासून चूक सुधारणाऱ्या वाटेच्या) बाहेर असायचा, म्हणून वरची पट्टी स्पीकरप्रमाणे बदलायची. पुढच्या रचनांनी फिल्टरनंतर फीडबॅक घेऊन हे बरंचसं मिटवलं. एकाच ब्रँडच्या क्लास-डीच्या दोन पिढ्या वेगळ्या वाजण्याचं हे एक खरंखुरं, मोजता येणारं कारण आहे.

फक्त रेकॉर्डवर फरक पडतो? वर सांगितलं ते फोनो इनपुट.

फक्त हळू आवाजात जुना भरीव वाटतो? लाउडनेस तपासा. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू झाला की कानाला बेस सगळ्यात आधी कमी ऐकू येतो. लाउडनेसचं बटण तेवढीच भर घालतं. नव्या यंत्रांतून हे बटण बऱ्याच कंपन्यांनी काढून टाकलं, शुद्धतेच्या नावाखाली. माझ्या मते ती चूक होती. फ्लॅटमध्ये रात्री साडेअकराला मोठ्यानं कोण ऐकतं?

स्पीकरच्या पिढ्यांबद्दल मात्र वेगळा न्याय लावा. तिथं फरक शोधावा लागत नाही, तो अंगावर येतो. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरचं बघा. नाव एक, मूळ रचना एक, वेगवेगळ्या कंपन्यांनी परवान्यावर बनवलेला. पण आधीचा १५ ओमचा आणि १९८७-८८ च्या सुमारास क्रॉसओव्हर (वरचा आणि खालचा आवाज वेगवेगळ्या कोनांकडे वाटणारं सर्किट) बदलल्यानंतरचा ११ ओमचा. यांवर लोक आजही हिरिरीनं भांडतात, आणि निदान भांडणाला जागा आहे. जुन्या स्पीकरची तुलना करताना कोनाभोवतीचा फोम बोटानं हलकेच दाबून बघा. फोम पंधरा-वीस वर्षांत भुरभुरतो, आपल्या उन्हाळ्यात त्याआधीही. रबराची कड टिकते.

माझे आकडे सांगतो. लाउडनेसचं बटण साफ केल्यावर, पातळी जुळवून, सीडीवर: सोळापैकी नऊ. रेकॉर्डवर: सोळापैकी पंधरा. दोन्ही पुस्तिका काढल्या तेव्हा जुन्याचा इनपुट कपॅसिटन्स नव्याच्या दुपटीहून जास्त निघाला. मेकॅनिककडून नव्याच्या फोनो वायरच्या प्लगमध्ये दोन इवलेसे १५० पिकोफॅरडचे कंडेन्सर डाख मारून घेतले, पुन्हा बसलो, आणि पंधराचे दहा झाले.

मित्रानं सगळं आटोपल्यावर जुना पुन्हा लावला, हळू आवाजात, आणि नाक मुरडलं. “आता पहिल्यासारखं भरीव वाटत नाही बे.” मी उठून लाउडनेसचं बटण दाबलं.

“हां. आता आला बघ खरा आवाज.”

तेव्हापासून रात्री ते बटण आत असतं.